तिसरा स्क्रू अजून बसलेला नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग आणि कर्ज काढून घेतलेलं एक सीएनसी. स्क्रूला आटे पाडणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळं २०१८ साली उजवीकडच्या खालच्या दोन दाढांच्या जागी टायटॅनियमचे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात घट्ट बसणारे स्क्रू, बसवायचं ठरलं तेव्हा घरचे घाबरले, मी नाही. स्क्रू म्हटलं की आपलीच वस्तू. डॉक्टरांनी नमुना हातात दिला, मी खिशातलं भिंग लावून त्याचे आटे बघितले आणि मनातल्या मनात पास करून टाकला. गंजणार नाही, किडणार नाही. ही बाजू आता कायमची मिटली, असं मी गल्लीत सांगत फिरलो.

सहा वर्षं त्या दोन दाढांनी मटण खाल्लं, ऊस खाल्ला, तक्रार म्हणून नाही. एवढंच की ब्रश करताना त्या बाजूला थोडं रक्त यायचं आणि मटणाचा धागा हमखास तिथंच अडकायचा. ते मी मोजतच नव्हतो. २०२४च्या जुलैत वरची डावीकडची रिकामी जागाही भरून घ्यावी म्हणून राजारामपुरीतल्या एका हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. मला वाटलं, एक्स-रे काढतील, खर्च सांगतील, तारीख देतील.

तारीख सोडाच. "काका, तिसरा बसवायचा का ते नंतर ठरवू," म्हणाल्या. "आधी पहिल्या दोघांना धोका किती आहे ते काढू."

"दुखत तर काहीच नाही," मी म्हणालो.

"तेच तर."

तोंड उघडायला सांगण्याआधी वीस मिनिटं नुसते प्रश्न चालले होते. पहिलाच प्रश्न असा की मी गडबडलो: आधीचे दात किडून गेले की हलून? आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. चारही हलून गेले होते. दोन खालचे, दोन वरचे. एक तर मी दसऱ्याच्या दिवशी दुकानात मशीनपूजा चालू असताना बोटानंच काढून खिशात टाकला होता. हे मी बहाद्दुरीनं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत, लिहून घेतलं. आपण ज्याला पायरिया म्हणतो, म्हणजे हिरडीचा आजार उतरत हाडापर्यंत जाणं, तो ज्याला होऊन गेलाय त्याच्या इम्प्लांटलाही तसाच आजार होण्याची शक्यता जास्त. दात गेले म्हणून तोंड बदलत नाही. जंतू तेच, माणूस तोच, त्याच्या सवयी त्याच.

मग तंबाखू. "बिडी-सिगारेट?" शून्य, असं मी छाती काढून सांगितलं. मग त्यांनी खालचा ओठ पुढं ओढून आत बघितलं आणि विचारलं, "आणि ही चुन्याची चिमूट कधीपासून?" मी म्हणालो, बंद केलीय. "किती वाजता बंद केली?" समोरची असिस्टंट मुलगी खुदकन हसली. त्या वेळी डबी माझ्या वरच्या खिशात होती, व्हर्नियरच्या शेजारी.

आता मोजणीचं सांगतो, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला तिथंच खरी गंमत आली. प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक खुणांची काडी घालतात. तिला प्रोब म्हणतात, पण ते खोली मोजायचं डेप्थ गेजच आहे. माझे शिल्लक दात चोवीस, इम्प्लांट दोन, म्हणजे एकशे छप्पन जागा. मॅडम खोलीचे मिलिमीटर बोलणार आणि ती मुलगी लिहिणार. "तीन, दोन, तीन. तीन, चार, चार, रक्त." आमच्याकडं इन्स्पेक्शनला असंच चालतं, एक बोलतो, एक लिहितो. फरक इतकाच की इथं जॉब, म्हणजे तपासायचा भाग, मीच होतो आणि मला उत्तर द्यायला जीभ मोकळी नव्हती. इम्प्लांटपाशी आल्यावर त्यांनी धातूची काडी ठेवली आणि प्लास्टिकची घेतली. दाब किती देता, असं मी मध्येच हातानं विचारलं. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाइतका. तेवढ्यानं निरोगी हिरडीतून रक्त येत नाही.

मागच्या इम्प्लांटला आकडा आला "पाच, सहा, पाच". आवाज बदलला नाही, पण काडी बाहेर काढून त्यांनी थोडा वेळ थांबून त्या जागेकडं बघितलं. माझ्या इन्स्पेक्टरला मी चांगलं ओळखतो. असं थांबणं म्हणजे काय ते मला कळतं.

एकशे छप्पनपैकी चव्वेचाळीस जागी रक्त होतं. अठ्ठावीस टक्के.

मी सरळ विचारलं, मग आजार आहे की नाही? त्यावर त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. खरा दात हाडात घट्ट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची पातळ गादी असते. रबर बुश समजा. इम्प्लांटला बुश नाही, हाड थेट टायटॅनियमला धरतं. १९६५ साली स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा हे करून दाखवलं, आणि इम्प्लांट टिकतात ते याच पकडीमुळं. पण हिरडीच्या बाजूला याचीच उलटी बाजू आहे. दाताला हिरडीचे तंतू आडवे येऊन मुळात रोवलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते समांतर, वेढा घालून उभे असतात. म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवायला ऑइल सील असतं तसं. सील घट्ट आहे तोवर ठीक, एकदा सीलचा ओठ सुटला की तेल सरळ खाली. आणि बुश नसल्यामुळं इम्प्लांट हलतही नाही. दात हलायला लागतो तेव्हा माणूस जागा होतो. इम्प्लांट शेवटचं हाड सुटेपर्यंत खांबासारखा उभा राहतो आणि त्या दिवशी पूर्ण हातात येतो. माझं सहा वर्षांचं "काही दुखत नाही" म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं.

नुसती हिरडी सुजलीय आणि हाड शाबूत आहे, तर ते म्युकोसायटिस. साफसफाईनं मागं फिरतं. हाड खाली जायला लागलं की पेरी-इम्प्लांटायटिस. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. माझ्या तोंडात यातलं कुठलं, हे ठरवायला त्यांना एक गोष्ट हवी होती: २०१८ साली इम्प्लांटवर दाताची कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रे. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. झिरो न लावता व्हर्नियर वाचणाऱ्या पोराला मी स्वतः कानाखाली दिलीय. इम्प्लांटभोवती सहाचा आकडा आला म्हणून लगेच आजार म्हणता येत नाही. सुरुवातीला किती होता आणि आज किती, यावर सगळं.

पण माझा झिरो पंचगंगेत गेला होता. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीत राहतो. २०१९च्या ऑगस्टात घरात कमरेच्या वर पाणी. खालच्या कपाटातली सगळी कागदपत्रं लगद्यासारखी उचलून टाकली, त्यातच दाताची फाइल. जिथं बसवले होते तो दवाखानाही आता त्या जागी नाही. जुना एक्स-रे नसला तर? त्यालाही नियम आहे. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून आजारांच्या व्याख्या ठरवल्या, त्यात तो आहे: हिरडीतली पोकळी सहा मिलिमीटर किंवा जास्त, दाबल्यावर रक्त किंवा पू, आणि हाड इम्प्लांटच्या हाडात बसणाऱ्या भागाच्या वरच्या टोकापासून तीन मिलिमीटर किंवा त्याहून खाली, तर पेरी-इम्प्लांटायटिस धरायचा. माझा मागचा इम्प्लांट पोकळीत नापास, हाडात तीनच्या जरासा अलीकडं. मॅडम म्हणाल्या, "अशा वेळी मला अंदाजावर लिहायला आवडत नाही."

घरी येऊन दोन दिवस पोटमाळा उपसला. बायको म्हणाली, "अहो, पोरीला पाठवला होता की तुम्ही." खरंच. मुलगी पुण्याला असते. २०१८ साली तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी तिला एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता, खिडकीच्या काचेवर धरून काढलेला, मागं शेजाऱ्यांची तुळस दिसतेय असा. तिच्याकडं होता. त्याच्या पुढचाच फोटो इम्प्लांटच्या पाकिटावरच्या स्टिकरचा: कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. तो मी का पाठवला होता देव जाणे. लॉट नंबर दिसला की जपून ठेवायचा, ही धंद्याची खोड असणार.

फोटो तिरका होता, त्यामुळं पट्टी लावून मोजता येईना. मॅडमनी तो कॉम्प्युटरवर मोठा केला, शेजारी आजचा लावला, आणि पेनाच्या टोकानं आटे मोजायला लागल्या. मी खुर्चीतून उठूनच बसलो. आट्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, कॅमेरा कसाही धरा, चौथा आटा हा चौथाच आटा. २०१८च्या फोटोत मागच्या इम्प्लांटचं हाड चौथ्या आट्याला भिडलेलं. आजही चौथ्याला. त्यांनी तीनदा मोजले, मी दोनदा. बसवल्यानंतर सुरुवातीला थोडं हाड उतरतं, ते तेव्हाच उतरून थांबलं होतं. म्हणजे म्युकोसायटिस, दोन्हीकडं. हाड अजून शाबूत.

मी उठायला लागलो. "मग झालं की."

"ही आजची पातळी झाली. धोका राहिलाच."

त्या दिवसांत पुराच्या धास्तीनं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजत होतं, दर तासाला मोबाइलवर आकडा. इशारा एकोणचाळीस, धोका त्रेचाळीस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मी म्हणालो, म्हणजे बंधाऱ्यावर पाणी किती हा एक प्रश्न, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडलेत, गगनबावड्याला पाऊस किती पडतोय हा दुसरा. मॅडम म्हणाल्या, "आता हेच मी बाकीच्या पेशंटना सांगणार."

मग त्यांनी तो कागद काढला. आठ कोपऱ्यांचं जाळं, मध्यभागी हिरवं, मग पिवळं, कडेला लाल. दातांसाठी असा सहा कोपऱ्यांचा तक्ता २००३ पासून आहे, इम्प्लांटसाठी हा आठ कोपऱ्यांचा २०२० साली आला. सहाकोनी नट रोज हातात असतो, आठकोनी पहिल्यांदाच बघितला. एकेका कोपऱ्याच्या रेषेवर आपला आकडा टिंबानं मांडायचा, मग टिंबं जोडायची. आकार आतल्या आत राहिला तर धोका कमी.

पायरियाचा इतिहास: लाल, वाद नाही. रक्ताचे टक्के: लाल. पाच मिलिमीटर किंवा जास्त खोल पोकळी किती दातांना आणि इम्प्लांटना, हा तिसरा. माझे नऊ निघाले. चौथा कोपरा मला फार आवडला. सगळ्यात वाईट दाताच्या मुळाचं हाड किती टक्के गेलंय, भागिले वय. माझं पन्नास टक्के, वय सत्तावन्न, उत्तर ०.८८. तिशीतल्या माणसाचं एवढं हाड गेलं असतं तर एकच्या पुष्कळ वर गेला असता, म्हणजे आजार धावतोय. मी हिशोब केला आणि म्हणालो, "मॅडम, म्हणजे मी नुसता म्हातारा होत गेलो तरी हा आकडा सुधारतो की." "हो, पण हाडानंही तोवर जागेवर थांबायला हवं." गणित बरोबर होतं, अट नडली.

पाचवा कोपरा म्हणजे हिरडीच्या आजाराकडं कल किती, त्याची स्टेज, म्हणजे आजार किती पुढं गेलाय, आणि ग्रेड, म्हणजे तो किती वेगानं वाढतोय: ए, बी, सी, सी सगळ्यात वाईट. ०.८८ वर मी बी ग्रेडमध्ये बसत होतो. पण तीन महिन्यांची साखर ७.६ आली होती, आणि मधुमेह असून ती सातला टेकली की सी. साखरेनं एक ग्रेड खाली ढकललं. मला आधी वाटलेलं, साखर आणि तंबाखू यांनाच दोन वेगळे कोपरे असतील, मोठे. तसं नाही, ती दोन्ही या पाचव्याच्या पोटात येतात. आणि तिथंही मोजतात ती सिगारेट, दिवसाला दहा किंवा जास्त. चुन्याच्या चिमटीला कागदावर रकानाच नाही. मी सुटलो म्हणेपर्यंत मॅडमनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं "तंबाखू" लिहिलं आणि त्याला गोल केला.

सहावा, तपासणीला येण्याची शिस्त. यावर मी गप्प. सीएनसीचा मेंटेनन्सचा करार मी एक दिवस चुकवत नाही. तोंडासाठी जुन्या दवाखान्यातून चार वेळा फोन आला होता. २०१९ला पूर, २०२०ला लॉकडाऊन, २०२१ला पुन्हा पूर. ही कारणं खरी आहेत. पण २०२२ आणि २०२३ला काय होतं, ते मला सांगता येईना. लाल.

सातवा आणि आठवा माझ्या हातात नव्हते, आणि खरी चूक तिथंच सापडली. सातवा म्हणजे कॅपची कड आणि हाड यांच्यात किती मिलिमीटर. दीड किंवा कमी असेल तर वाईट. पुढच्या इम्प्लांटला माझं सव्वा. आठवा म्हणजे कॅप नीट बसलीय का आणि तिच्याखाली साफ करता येतंय का. माझ्या दोन्ही कॅप एकमेकींना जोडलेल्या, सिमेंटनं चिकटवलेल्या, आणि हिरडीपाशी पातेल्याच्या काठासारख्या बाहेर फुगलेल्या. सगळ्यात बारीक ब्रशही मध्ये जाईना. मी सहा वर्षं ब्रश करत होतो ते छपरावर, घर तसंच राहत होतं.

टिंबं जोडली. आकार जवळजवळ कागदाच्या कडेला गेला. तिसऱ्या स्क्रूचा विषय मीच काढला नाही.

पुढचे महिने काय झालं ते थोडक्यात. दोन बैठकांत सगळ्या दातांचं मुळापर्यंत किटण काढलं. इम्प्लांटभोवती धातूचं हत्यार न लावता बारीक पावडरचा फवारा मारला. आमच्याकडं सँडब्लास्टिंग करतात त्याची अगदी नाजूक बहीण. साखरेच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी गेली. संध्याकाळचा गुळाचा चहा बंद झाला, हे मी अजून विसरलेलो नाही.

कॅप काढायचा दिवस मात्र सांगायलाच हवा. चिकटवलेली असल्यामुळं कापूनच काढावी लागली. निघाल्यावर मॅडमनी ती ट्रेमध्ये ठेवली आणि मी मागून घेतली. भिंग खिशात होतंच. खालच्या बाजूला, हिरडीच्या आत जो भाग होता तिथं, सिमेंटचा एक कडक ओघळ गोठला होता, तुरीच्या डाळीच्या फोलपटाएवढा. कास्टिंगला पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडावर, फिन म्हणून पातळ कड राहते ना, हुबेहूब तशी. आमच्याकडं असली फिन घासल्याशिवाय जॉब पुढं जात नाही, पोरगं बोट फिरवून बघतं. इथं ती हिरडीखाली, कुणाच्या बोटाला लागणार? सहा वर्षं त्या खडबडीत कडेवर जंतूंनी संसार थाटला होता. ज्यांनी बसवली त्यांच्यावर माझा राग नाही. एक्स-रेतही ती दिसली नव्हती.

नवीन कॅप दोन सुट्या, वरून स्क्रूनं आवळलेल्या, चिकटवायचं कामच नाही, खाली निमुळत्या. लॉट नंबरच्या फोटोमुळं नेमके भाग मिळाले. मॅडमनी ठरलेल्या जोरानं आवळायचा छोटा टॉर्क रेंच काढला तेव्हा मी म्हणालो, किती? पस्तीस न्यूटन-सेंटिमीटर. मी म्हणालो, दहा मिनिटांनी परत एकदा आवळा, स्क्रू बसतो. त्या म्हणाल्या, "आम्ही तसंच करतो, काका." त्या दिवशी आमचं जमलं.

दिवाळीनंतर परत एकशे छप्पन जागा मोजल्या. या वेळी मी मनात मोजत होतो, रक्त वीस वेळा ऐकू आलं. तेरा टक्के. मागच्या इम्प्लांटला चार, चार, तीन. साखर ६.९. नवा कागद काढून टिंबं मांडली. काही कोपरे आत आले. इतिहासाचा कोपरा हलला नाही, तो हलणारही नाही. सातवाही सव्वावरच आहे, ते अंतर काही ब्रशनं वाढत नाही. शिस्तीच्या कोपऱ्याला मॅडमनी पिवळ्यात टिंब दिलं. एकदा वेळेवर आलात, एवढ्यावर हिरवा देत नाही, म्हणाल्या. आता दर तीन महिन्यांनी जायचं.

दुकानातली पोरं विचारतात, मालक, तिसरा कधी? मी सांगतो, इन्स्पेक्शनला अडकलाय. खोटं नाही ते. कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं "तंबाखू" नव्या कागदावरही उतरलं. दिवसाला दोन चिमटींवर आलोय, खोडायला हरकत नसावी, असं मी म्हणून बघितलं. मॅडमनी खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकला आणि फेब्रुवारीची तारीख लिहून दिली.